हलक्या पानांचा डाव

साशंक : मुफलिस मला ठाऊक आहे, भाऊ. तीनपत्तीच वाटायची, पण ज्याची पानं सगळ्यांत हलकी त्याने डाव उचलायचा. पोळ्याला, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत, धानाचे चुकारे हातात आले की आपल्या गोंदिया जिल्ह्यात बैठका बसतात, आणि सरळ तीनपत्तीचा कंटाळा आला की कुणीतरी म्हणतं, आता मुफलिस. नशिबाचा खेळ उलटा टांगला म्हणून त्यात अक्कल कुठून शिरते? तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करता तो पोकरमधला लोबॉल म्हणजे पाच पानांची मुफलिसच की. तीही म्हणे दोघांनीच समोरासमोर खेळायची. मी कायद्याचा माणूस आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तेव्हाच सांगून टाकलं की तीन पानांच्या खेळासारखी रमी निव्वळ नशिबावर चालत नाही. तुमचा खेळ तीन पानांच्या बाजूला बसतो. त्यात डावपेच कसले?

खेळिया : वकीलसाहेब, त्याच निकालाची कारणं आठवा. रमीत कौशल्य का? तर कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, आणि कोणतं पान धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीनपत्तीत यातलं काहीच नाही, पानं आली तशी धरायची. मुफलिसीतही नाही. मी खेळतो त्या लोबॉलमध्ये मात्र सगळा खेळच धरण्या-टाकण्याचा आहे. पाच पानं वाटली जातात. पहिली चाल होते. मग नको असतील तेवढी पानं टाकून तेवढीच नवी घ्यायची, पुन्हा चाल, पुन्हा बदल, पुन्हा चाल, तिसरा बदल आणि शेवटची चाल. म्हणजे तीनदा पानं बदलायची आणि चारदा पैसे लावायचे. एक्का सगळ्यांत जड. सलग पाच पानं झाली किंवा पाचही एका रंगाची झाली तर तो हातही जड धरतात. म्हणून सगळ्यांत उत्तम हात ७-५-४-३-२, रंग मिसळलेले. आणि मुफलिसीशी खरा फरक पुढे आहे. मी किती पानं बदलली हे समोरच्याला दिसतं. माझी पानं झाकलेली, पण माझी गरज उघडी. तीन पानं बदलणारा माणूस हात अजून कच्चा आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगत असतो. एकही न बदलणारा सांगतो की माझं झालं. तीनपत्तीत ‘ब्लाइंड’ आणि ‘सीन’ एवढीच बातमी मिळते. इथे प्रत्येक वळणावर आकडा मिळतो.

साशंक : आकडा मिळाला, पान तर मिळालं नाही. तुमच्याकडे २-३-४-७ आहे आणि पाचवं पान राजा आहे, असं समजू. राजा टाकलात. कॅटमध्ये आता तुम्हाला न दिसलेली ४७ पानं. त्यातलं कोणतं येणार हे तुम्ही ठरवता का? पानाच्या मागच्या बाजूकडे कितीही टक लावून बघा, ते पिसणाऱ्याच्या हातात आहे.

खेळिया : कोणतं येणार ते मी ठरवत नाही. किती चांगली आहेत ते मोजतो. पंजी, छक्की किंवा अठ्ठी आली तर माझा हात अठ्ठी किंवा त्याहून हलका होतो. अशी १२ पानं आहेत. एकदाच बदलायचं असेल तर ४७ त १२, म्हणजे साधारण चारात एकदा. तीन वेळा संधी असेल तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता शंभरात चाळीस उरते. शंभरात साठ वेळा हात लागतो. जो हात एका बदलात भिकारी, तोच तीन बदलांत दमदार, आणि हे माहीत नसलेला माणूस दोन्ही ठिकाणी सारखेच पैसे लावतो. आता दुर्रीचं बघा. सत्तीवर संपणारे चारच हात होतात : ७-५-४-३-२, ७-६-४-३-२, ७-६-५-३-२ आणि ७-६-५-४-२. चारही हातांत दुर्री आहे, कारण दुर्री सोडली की उरतात ३-४-५-६-७, आणि ते सलग. अठ्ठीवर संपणाऱ्या १४ प्रकारांपैकी १० मध्ये दुर्री लागते. म्हणून जाणता खेळाडू दुर्री टाकत नाही. नवखा माणूस ३-४-५-६ हातात आलं की खूश होतो, पण त्याला दुर्री आली की सलग, सत्ती आली तरी सलग. चार पानं सुंदर दिसतात आणि दोन्ही टोकांनी अडकलेली असतात.

पण खरी गंमत समोरचा माणूस आल्यावर. शेवटचा बदल बाकी आहे. माझ्या हातात १०-७-४-३-२ तयार आहे. वाटणारा मी आहे, म्हणून समोरच्याला आधी बोलावं लागतं आणि पानही त्यानेच आधी बदलायचं. समजा त्याने एक पान बदललं. त्याच्याकडे २-३-५-८ आहे असं धरू. मला हरवायला त्याला चौक्या, छक्क्या, सत्त्या किंवा नव्व्या हव्यात. एक चौकी आणि एक सत्ती माझ्या हातात अडकली आहे. म्हणजे ४३ पानांत त्याची १४. तीनात एकदा. मी दश्शी धरून गप्प बसतो आणि तीनात दोनदा जिंकतो. आता तोच हात, तीच पानं, पण समोरच्याने एकही पान बदललं नाही. दश्शीपेक्षा जड हात घेऊन शेवटच्या बदलाला कोणी सहसा थांबत नाही. म्हणजे मी मागे आहे. आता तीच दश्शी मी फेकतो आणि पंजी, छक्की, अठ्ठीच्या मागे जातो. पानं बदलली नाहीत, वकीलसाहेब. समोरच्याने काय केलं तेवढं बदललं, आणि माझा निर्णय उलटा झाला. नंतर बोलणाऱ्याला ही सोय, आधी बोलणाऱ्याला नाही. दोघांच्या खेळात दर डावाला वाटप फिरतं, म्हणून ही सोय आलटून पालटून मिळते. म्हणून हुशार माणूस आपल्या वाटपाला हलक्यातल्या हलक्या आशेवरही खेळतो आणि दुसऱ्याच्या वाटपाला हात आखडता घेतो. सात जणांच्या बैठकीत चांगल्या हाताची वाट बघत बसता येतं. दोघांत वाट बघणारा दर डावाच्या बुटातच संपतो.

साशंक : हे ऐकून मी थोडा हललो, कबूल करतो. पण तुमचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे, की न बदलणारा माणूस खरं बोलतोय. त्याने खोटं थांबायचं ठरवलं तर? हातात कचरा, चेहऱ्यावर शांती, आणि एकही पान न बदलता पैसे पुढे. तुम्ही बिचारे तयार दश्शी मोडून बसणार. मग पुन्हा तेच झालं ना, चेहरा वाचायचा धंदा. चेहरा वाचण्याला मी गणित म्हणणार नाही. कोर्टात साक्षीदाराचा चेहरा वाचून मी बऱ्याच वेळा फसलो आहे.

खेळिया : चेहरा बाजूला ठेवा. ब्लफचंही गणित आहे, आणि ते चेहऱ्यापेक्षा थंड आहे. समजा तीन दुर्र्या आणि दोन सत्त्या माझ्या हातात आल्या. हलक्यांच्या खेळात याहून वाईट हात शोधावा लागेल. पण तीन दुर्र्या माझ्याकडे म्हणजे समोरच्यासाठी कॅटमध्ये एकच दुर्री उरली, आणि सत्त्याही दोनच. त्याचा हात चांगला होणंच अवघड करून ठेवलंय मी. असा हात घेऊन न बदलता थांबणं ही हौस नाही, हिशोब आहे. आता असं किती वेळा करायचं? शेवटी पॉटमध्ये सहा पैजा आहेत आणि मी सातवी लावली. समोरच्याला एक टाकून सात मिळवायच्या आहेत. माझ्या आठ चालींपैकी एकापेक्षा जास्त खोट्या असतील तर त्याने दर वेळी बघावं. एकापेक्षा कमी असतील तर दर वेळी पॅक करावं. बरोबर आठात एक असेल तर त्याने काहीही केलं तरी सारखंच. तिथे मला त्याचा चेहरा लागत नाही आणि त्याला माझा लागला तरी उपयोग नाही. जॉन फॉन नॉयमनने १९२८ साली दोघांच्या खेळांचा मूळ सिद्धांत मांडला, आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबरच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरच्या ब्लफवर वेगळा विभाग लिहिला. खोटं बोलणं हा स्वभावाचा दोष नसून अचूक प्रमाणात करायची गोष्ट आहे हे त्याने समीकरणात दाखवलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दोघांचा, ठरावीक पैजांचा टेक्सास होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. लोबॉलचा तसा निकाल लागला नसला तरी तर्क तोच. आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असंही नाही. नळराजाची बायको विदर्भाची, दमयंती. द्यूतात राज्य हरलेल्या नळाला राजा ऋतुपर्णाने रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून दाखवली आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, दिली. आपल्या नागझिऱ्यात, नवेगावच्या रानात तोच बेहडा उभा आहे. जुन्या काळी त्याचीच फळं फासे म्हणून टाकत. द्यूतातून वाचायचं तर आधी मोजायला शीक, असं ती कथा म्हणते.

साशंक : नळाची कथा तुम्ही अर्धी सांगितली, उरलेली नंतर सांगतो. आधी मला तुमचं कसब मान्य करून पुढे जायचंय, कारण ते मान्य केल्यावर मला जास्त भीती वाटायला लागली आहे. मी इतके दिवस म्हणत आलो की पत्त्यांत नशीब आहे म्हणून ते वाईट. आता उलट दिसतंय. निव्वळ नशिबाचा खेळ असेल तर दोघं बसले, पैसा इकडून तिकडे, तिकडून इकडे. अड्डेवाल्याने हात घातला नाही तर दोघांचीही आशा सारखी. तुमच्या खेळात मात्र जो कमी जाणतो तो हरणारच. आज नाही तर वर्षाने. सात जणांत त्याची हार वाटली तरी जाते, दोघांत ती सगळी एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाते. म्हणजे खेळात जितकं जास्त कसब, तितकी दुबळ्याच्या बुडण्याची खात्री जास्त. आणि आपला कायदा नेमकं हेच कसब बघून सूट देतो! १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याचा खेळ वगळलाय. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तर पोकरचं नाव घेऊन त्याला जुगारातून बाहेर काढलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगारच म्हटला. सगळे एकाच प्रश्नावर भांडतायत, कसब किती आणि नशीब किती. कोणाचं किती बुडणार, हे कोणी विचारत नाही.

खेळिया : पण एका रात्रीत कोणी कसबाने बुडत नाही. हे तर तुमच्या बाजूचं आहे, ऐका. समजा मी तुमच्यापेक्षा सरस आहे आणि शंभर डावांमागे सरासरी तीन पैजा जिंकतो. शंभर डावांत पानांच्या लहरीने वीस पैजा इकडे-तिकडे होतात असंही धरा. तीनाचा आवाज वीसच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. दहा हजार डाव खेळलो तर माझी बढत तीनशे होते, लहर मात्र शंभरपट न वाढता दहापटच वाढते, दोनशे. तेव्हा कुठे दिसतं कोण सरस. पोळ्याच्या एका रात्रीत दोनशे डाव झाले तर जिंकणारा हुशारच असं कोणी म्हणू नये.

साशंक : भाऊ, तुम्ही स्वतःच फास दाखवलात. दुबळ्याला एका रात्रीत कळत नाही की तो दुबळा आहे. दहा रात्रींपैकी तीन-चार रात्री तो जिंकून घरी जातो. घरी सांगतो की पानं येत होती. हरला की म्हणतो, पानं आली नाहीत. पुढच्या बैठकीला पुन्हा हजर. म्हणजे तुमच्या खेळात नशीब कसबाच्या विरोधात नाहीच. कसबाचं गिऱ्हाईक टिकवायचं काम नशीब करतं. बुद्धिबळात मी तुमच्याशी पाच वेळा हरलो तर सहाव्यांदा पैसे लावणार नाही. लोबॉलमध्ये पाचशे वेळा लावीन. हाच धागा धरून मोठे लोक कारखाना काढतात. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची तक्रार केली, आणि पोलिसांनी छापा टाकला तो आपल्या गोंदियातल्या घरावर. चौदा कोटींच्या घरात रोकड, चार किलो सोनं. त्या तक्रारीतलाही क्रम तोच : सुरुवातीला थोडं जिंकू दिलं. तिथे खेळच बनावट होता असा आरोप आहे, मला मान्य आहे. पण हरणाऱ्याच्या मनातली यंत्रणा सरळ खेळातही तीच चालते. म्हणून संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कसबाचे असोत की नशिबाचे, तेव्हा मला वकील म्हणून ते ओबडधोबड वाटलं आणि या जिल्ह्यातला माणूस म्हणून बरं वाटलं. आता नळाचं सांगतो. अक्षहृदय मिळाल्यावर त्याने राज्य जिंकून घेतलेल्या भावाला, पुष्कराला, एका पणात हरवलं. पुढे काय केलं? पुष्कराला जीवदान दिलं आणि त्याचा वाटा त्याला परत दिला. कथाकाराला माहीत होतं की मोजायला शिकलेल्याने जिंकलेलं ठेवून घेणं शोभत नाही.

खेळिया : हे मला लागलं. पण दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधल्या. पडद्याच्या मागे कोण आहे हे न दिसणारा खेळ, आणि एका टेबलाला समोरासमोर बसलेली दोन माणसं, ही एक नव्हेत. समोर बसलेल्याला मी ओळखतो. त्याचं घर, त्याची बांधी, त्याच्या पोरीची फी मला माहीत आहे. त्याच्याशी कुठे थांबायचं हे मला कळतं.

साशंक : कळतं, पण थांबता का? कोंबडबाजारात कोंबड्याच्या पायाला काती बांधणारा आणि पैसे लावणारा एकाच गावचे असतात, एकमेकांना ओळखतात. ओळखीने कुणाचे पैसे वाचल्याचं मी बघितलेलं नाही. उलट ओळखीच्या माणसासमोरून उठायची लाज जास्त वाटते. आणि बैठकीची नाल विसरू नका. दोन अगदी बरोबरीचे खेळाडू घ्या, तुमच्या त्या आठात एकच्या हिशोबाने चोख खेळणारे. शंभर रुपयांचे दोनशे पॉट झाले आणि जागा देणाऱ्याने शेकडा पाच नाल काढली, तर हजार रुपये खोलीबाहेर गेले. दोघंही उत्तम खेळले आणि दोघंही हरले. तुमच्या गणितात तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती, पण जिंकला तोच.

खेळिया : नाल काढणाऱ्याच्या बैठकीत मी बसत नाही, आणि त्याची बाजू घेणार नाही. बरोबरीच्या दोघांसाठी तो अड्डा म्हणजे ठरलेली हार, हे मान्य. पैसा काढून टाकू या. चिंचोके घेऊ. दोघांना दोनशे-दोनशे, संपले की संपले, उसने मिळणार नाहीत. मर्यादा असली की चिंचोक्यालाही किंमत येते, आणि ब्लफला किंमत लागतेच. फुकटात बघता येत असेल तर कोण पॅक करील? आणि तुमच्या मुख्य आक्षेपालाही माझ्याकडे उत्तर आहे. चार माणसं, दोन टेबलं. दोन जोडीदार एका बाजूचे, दोन दुसऱ्या. एका टेबलावर जी पानं जशी येतील तशीच दुसऱ्या टेबलावर लावायची, बदलायला येणाऱ्या पानांचा क्रमही तोच, फक्त बाजू उलट. माझ्याकडे इथे जो हात आला तो तिकडे तुमच्या जोडीदाराकडे गेला. शेवटी दोन्ही टेबलांची बेरीज करायची. ब्रिजच्या स्पर्धा अशाच खेळल्या जातात. पानांची बरीचशी लहर आपोआप कापली जाते. दहा हजार डावांनी जे कळायचं ते त्याच्या कितीतरी आधी कळतं. दुबळ्याला आपण दुबळे आहोत हे लवकर दिसतं, आणि मग शिकायचं की उठायचं हे तो ठरवतो.

साशंक : हे उत्तर मला आवडलं, आणि ते तुमच्या खेळाला परवडेल का अशी शंकाही आली. हरणाऱ्याला आपण का हरलो हे लवकर कळलं तर किती जण बसतील? ब्रिजला माणसं राहिली, कारण ती पैशासाठी कधी आलीच नव्हती. तुमच्या लोबॉलला आज जी माणसं येतात, त्यातली अर्धी पानं आली नाहीत असं म्हणता यावं म्हणून येतात. ते पांघरूण काढलंत तर समोर बसायला कोण उरेल? आणि उरलेच दोघे, अगदी बरोबरीचे, तर तुमच्याच हिशोबाप्रमाणे ते काहीही करोत, निकाल सारखा. मग ते खेळतायत कशाला?

खेळिया : कारण बरोबरीचे कुणीच नसतात. आठात एक हे प्रमाण कागदावर सोपं आहे. चार डाव सलग हरलेला माणूस ते पाळत नाही. एक तर तो घाबरून ब्लफ सोडतो, नाहीतर चिडून तिप्पट करतो. त्याची ती घसरण पकडणं आणि स्वतःची थोपवणं, एवढ्यासाठी मी बसतो. पैशाशिवाय ती घसरण होते की नाही, हे मात्र मला खात्रीने सांगता येत नाही. चिंचोके हरल्यावर माणूस चिडतो हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलंय. साठ वर्षांचा वकील चिडतो का, हे पाहिलेलं नाही.

साशंक : आणि न चिडणारा असेल तर तुमची बढत गेली. म्हणजे तुम्हाला माझं दुखणं हवंच आहे, रुपयाचं नको असेल तर दुसऱ्या कशाचं. त्या मुद्द्यावर मी अजून अडलेलो आहे, भाऊ. पण दोन टेबलांचा प्रयोग करून बघायला माझी हरकत नाही. कॅट दोन लागतील, सारख्या लावायला तिसरा माणूस लागेल, आणि त्याने नाल मागायची नाही.

खेळिया : लावायला माणूस मिळेल. मला उरलेल्या दोघांची काळजी आहे. आपल्याकडे तीनपत्तीला हाक मारली तर दहा जण येतील. हरल्यावर हिशोब वाचून दाखवणार आहोत म्हटलं, तर त्यातले दोन थांबतील का?

साशंक : माझ्या ओळखीत एक आहेत, पण ते दुर्री टाकतात.

खेळिया : मग ते तुमच्या बाजूने बसवा. पहिल्या दिवशी दोनशे डाव होतील. चारही माणसांचा हिशोब मोठ्याने वाचायचा, त्यांचाही.